तंबूचं नंतर बघू

डिसेंबर जवळ आला की कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पवना, मुळशी, भंडारदरा ही नावं फिरायला लागतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, तंबू कोणता घ्यायचा? चार जणांचा की सहा जणांचा? तंबू ही या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत ठळक दिसणारी वस्तू, त्यामुळे बजेटचा मोठा वाटा तोच खातो. उरलेल्यात खुर्च्या येतात आणि त्यातूनही काही राहिलंच तर खाली अंथरायला एखादी चटई. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. पैसे खालून वर खर्च करावेत. आधी पाठीखालचं अंथरूण, मग बसायची खुर्ची, मग डोक्यावरची सावली आणि सगळ्यात शेवटी तंबू. पवनेच्या काठावर तंबू भाड्याने मिळतो, पाठ मात्र ज्याची त्यालाच न्यावी लागते.

इथे बोलतो आहे ते गाडीतून जाऊन एक-दोन रात्री मुक्काम करणाऱ्या कुटुंबाबद्दल. पाठपिशवी घेऊन हरिश्चंद्रगड चढणाऱ्यांचं शास्त्र वेगळं. त्यांना प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले त्यांच्यासाठीच लिहिलेले असतात. ज्या घरात गुडघे धरलेले आजोबा, कंबर दुखणारी आई आणि सहा वर्षांचं एक चुळबुळं पोर आहे, तिथे वजनाला फारशी किंमत नाही. तिथे किंमत आहे ती गाडीतल्या जागेला आणि सकाळी सगळे न कण्हता उठण्याला.

उघड्यावर मुक्काम करण्याची विद्या आपल्याला नवी आहे असंही नाही. आषाढी वारीच्या दिंड्या ऐन पावसात अडीच-तीन आठवडे रोज नव्या गावी राहतात. सामानाचा ट्रक पुढे जातो आणि वारकरी चालत पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या राहिलेल्या असतात. त्या ट्रकमध्ये ताडपत्र्या, सतरंज्या, वळकट्या, मोठी पातेली, गॅसच्या शेगड्या असतात. खुर्ची असलीच तर एखाद्या म्हाताऱ्या माणसासाठी. दुसऱ्या टोकाला इंग्रज साहेबाचा दौरा. मुंबई इलाख्यात हिवाळा लागला की जिल्ह्याचा कलेक्टर तंबू-सामान घेऊन बाहेर पडे आणि गावोगाव मुक्काम करत कारभार हाकी. त्याला लिहायला टेबल, बसायला खुर्ची आणि निजायला खाट, सगळंच घडीचं लागे. बाजारात मिळणारं आजचं कॅम्पिंग फर्निचर हे या दुसऱ्या घराण्यातलं. अडचण अशी, की आपली माणसं अर्धा वेळ दिंडीसारखी खाली सतरंजीवर बसतात आणि अर्धा वेळ साहेबासारखी खुर्चीत. दोन्हींची सोय एकाच गाडीत बसवायची असते.

आधी अंथरूण. थंडी वरून पडते असं आपल्याला वाटतं आणि आपण पांघरुणावर पांघरुणं चढवतो. झोपलेल्या माणसाची ऊब खरी जाते ती खालून. जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. महागड्या स्लीपिंग बॅगेचाही तिथे इलाज चालत नाही, कारण पाठीखालचा तिचा भाग भाराने चेपला जातो, त्यात अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवत असते ती हवाच. म्हणून पाठीखाली असं काहीतरी हवं जे चेपलं तरी हवा सोडत नाही. उष्णतेला अडवण्याची ही ताकद ‘आर व्हॅल्यू’ या आकड्यात सांगतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने हा आकडा काढत असे. २०१८ साली अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेने मोजणीची एकच पद्धत ठरवून दिली, तेव्हापासून दोन मॅटची तुलना करण्यात काही अर्थ आला. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला २ च्या आसपासचा आकडा पुरतो. चांगली गोष्ट म्हणजे या आकड्यांची सरळ बेरीज होते. एकावर एक दोन साध्या मॅट टाकल्या की काम भागतं.

दुकानात सगळ्यात लोभस दिसतो तो हवा भरायचा डबल बेड. घरी पाहुणे आले तर ठीक, धरणाच्या काठावर मात्र त्याचे गुण कळतात. आत नुसती मोकळी हवा असते, ती गार जमिनीला लागून गार होते आणि आतल्या आत फिरत राहते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर पाण्याच्या पिशवीवर निजल्यासारखं वाटतं. शिवाय एकाने कूस बदलली की दुसरा उसळतो. पहाटे तो मऊ पडला की पंक्चर झाला असं समजून लोक वैतागतात. पंक्चर नसतंच बहुधा. संध्याकाळी ३० अंशांवर भरलेली हवा पहाटे १२ अंशांवर आली की साधारण सहा टक्क्यांनी आकसते, वर नवं प्लॅस्टिक पहिल्या रात्री थोडं ताणलं जातं. झोपण्याआधी, हवा गार झाल्यावर, पुन्हा दोन-चार पंप मारले की पुरे. असा बेड घरात असेलच तर त्याच्यावर, म्हणजे बेड आणि अंग यांच्यामध्ये, फोमची मॅट किंवा जाड घोंगडी घालावी.

याच्यापेक्षा शहाणी वस्तू म्हणजे आपोआप फुगणारी गादी. आत स्पंज असतो, झडप उघडली की तो फुलतो आणि हवा ओढून घेतो. स्पंजामुळे हवा आत फिरत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलच्या इंजिनिअरांनी ही युक्ती काढली, आता बऱ्याच कंपन्या अशा गाद्या बनवतात. कुशीवर झोपणाऱ्याने पाच सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीची घेऊ नये, नाहीतर खुबा आणि खांदा खडे मोजत बसतात. मुलांना मात्र कडा जोडायच्या साध्या फोमच्या चौकोनी लाद्या पुरतात, त्यांची हाडं अजून तक्रार करायला शिकलेली नसतात. घरची कापसाची गादी वळकटी करून नेण्यात काही कमीपणा नाही. कोरड्या हिवाळ्यात ती उत्तमच. फक्त पाण्याच्या काठी दव असं पडतं की सकाळी पायऱ्या, खुर्च्या, गाडीची काच सगळं निथळत असतं, आणि कापूस ते दव पिऊन घेतो. गादीखाली जाड प्लॅस्टिक हवंच. तंबूखाली जे प्लॅस्टिक घालतात ते तंबूच्या तळापेक्षा थोडं लहान ठेवावं. बाहेर डोकावलं तर वरून ओघळलेलं पाणी झेलून बरोबर तंबूच्या पोटाखाली नेतं.

आजी-आजोबांसाठी घडीची खाट हा खर्च सगळ्यात आधी करावा, कारण प्रश्न निजण्याचा कमी आणि उठण्याचा जास्त असतो. जमिनीपासून दीड-एक फूट उंचावरून पाय खाली सोडून उठता येतं. जमिनीवरच्या गादीतून उठताना मात्र दोन माणसं आणि एक देव लागतो. खाटेखालून गार वारा वाहतो, तेव्हा तिच्यावरही मॅट हवी. पायांच्या टोकांनी तंबूचा तळ फाटतो, म्हणून त्यांच्याखाली जुन्या रबरी चपलांचे तुकडे किंवा लाकडाच्या फळ्या ठेवाव्यात. अशी खाट मावायला तंबूही उंच हवा, हे खाट घेताना आठवत नाही.

पांघरुणाचं थोडक्यात. स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा प्रमाण मानलेल्या बाईला आरामात झोप लागेल असा, आणि ‘लिमिट’ हा प्रमाण मानलेल्या पुरुषाला कसंबसं निभावेल असा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधीकधी तिसराच, ‘एक्स्ट्रीम’चा आकडा असतो, तो जीव वाचण्यापुरता. खरेदी नेहमी कम्फर्ट बघून करावी. धरणाकाठच्या हिवाळ्याला दहा अंशांचा कम्फर्ट ठीक. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याची बातमी हिवाळ्यात येतेच, तिकडे जायचं तर आणखी खाली बघावं. बाकी बहुतेक कुटुंबांना रजई, सोलापुरी चादर आणि घोंगडी एवढ्यावर नवी बॅग न घेताही भागतं. घोंगडी जड आणि टोचरी खरी, पण दख्खनी मेंढीच्या लोकरीची असेल तर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. धनगर तिच्यावरच पावसाळे काढत आले आहेत.

आता खुर्ची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कॅम्पवरचा जागेपणीचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो आणि खरेदी मात्र फोटो बघून होते.

घडीच्या खुर्च्यांच्या इतिहासात आपल्याकडची एक मानाची खुर्ची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या लष्करी इंजिनिअरांच्या नावावर ती ओळखली जाऊ लागली. लाकडाचे गोल दांडे, कॅनव्हासची बैठक, चामड्याचे पट्टे. दांड्यांची निमुळती टोकं पायांच्या भोकांत नुसती खोचलेली असतात, गोंद नसतो. बसलं की माणसाच्या वजनाने आणि पट्ट्यांच्या ताणाने सगळं घट्ट होतं, आणि सांधे किंचित हलते असल्यामुळे जमीन खालीवर असली तरी चारही पाय टेकतात. डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने १९३३ साली तिच्यावरूनच आपली ‘सफारी’ खुर्ची बेतली, आणि ती आज दिवाणखान्यात मिरवते. सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेला हा जमिनीचा प्रश्न आजच्या कडक सांगाड्याच्या बऱ्याच खुर्च्यांना सुटलेला नाही. एक पाय हवेत ठेवून त्या डुगडुगतात.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. छत्रीसारखी मिटणारी, हातावर कप ठेवायचं भोक असलेली खुर्ची सगळ्यात जास्त खपते. स्वस्त, दणकट, पण कापड लवकर झोळ धरतं. माणूस बसत जातो तसा बुडतो, पुढची दांडी मांडीखाली रुतते आणि अर्ध्या तासात पाय मुंग्यांनी भरतात. दुसरा प्रकार ॲल्युमिनिअमच्या दांड्या आणि वर चढवायचं कापड असा, कोरियन हेलिनॉक्सने लोकप्रिय केलेला. जेमतेम किलोभर वजन, फूटभर पिशवीत मावते, आणि बसायला खरोखर सुखाची. पण बैठक फार खाली. तिशीतल्या माणसाला पाय पसरून तारे बघायला झकास. आजोबा तिच्यात बसले की उठण्याचा समारंभ होतो. तिसरा प्रकार म्हणजे सरळ पाठीची, घट्ट कापडाची, लाकडी किंवा ॲल्युमिनिअमच्या हातांची, सिनेमाच्या दिग्दर्शकाची खुर्ची. दिसायला रुक्ष, जागा जास्त खाते, आणि घरातल्या निम्म्या माणसांसाठी तीच योग्य.

निम्म्या माणसांसाठी असं म्हणायचं कारण जेवण. मागे कललेल्या खुर्चीत कॉफी पिता येते, पिठलं-भाकरी खाता येत नाही. ताट मांडीवर घसरतं, हात तोंडापर्यंत पोहोचेपर्यंत पिठलं शर्टावर येतं. हे लक्षात घेऊन दुकानात दोन परीक्षा घ्याव्यात. एक, हातात जड पुस्तक ताटासारखं धरून पुढे वाकून बघायचं. दोन, हातांचा आधार न घेता उठून बघायचं. घरच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते. ज्येष्ठांच्या खुर्चीची बैठक त्याच्या जवळपास हवी. ही दुसरी परीक्षा ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची त्यानेच द्यायची. मुलाने बसून आईसाठी खुर्ची पसंत करायची, हे चष्मा मुलाच्या नंबरने बनवण्यासारखं आहे.

पायांची टोकंही बघावीत. काळ्या ओल्या मातीत आणि काशीद-नागावच्या वाळूत बारीक टोकं सरळ आत जातात. रुंद टोप्या मिळतात. नाही मिळाल्या तर टेनिसचे जुने चेंडू कापून बसवतात. आणि साधी प्लॅस्टिकची हातांची खुर्ची? पवनेच्या काठावर तीच सगळीकडे असते, भिजली तर पुसता येते, उंचीलाही बरोबर असते. घडी होत नाही एवढाच तिचा दोष. मुक्कामाच्या जागी मिळत असेल तर ज्येष्ठांनी तिच्यावर उशी टाकून बसावं, फॅशनच्या मागे लागू नये.

टेबलाबद्दल एकच सांगणं: उंची खुर्चीशी जुळवून घ्या. खाली बसणाऱ्या घराला टेबल लागतच नाही, सतरंजी आणि घरचे दोन पाट पुरतात. चुलीपाशी मात्र कमरेएवढ्या उंचीचं घडीचं टेबल असलं तर भाजी चिरणाऱ्याची कंबर वाचते, आणि ती बहुधा त्याच आईची असते जिच्यासाठी ही सहल ‘आराम’ म्हणून आखलेली असते.

या सगळ्याला गाडीत जागा किती? अर्टिगाची तिसरी रांग उघडी असली, म्हणजे सहा-सात माणसं असली, की मागे २०९ लिटर उरतात. वॅगन आरच्या डिकीतही ३४१ लिटर असतात. छत्रीसारखी मिटणारी मोठी खुर्ची १५ सेंटीमीटर जाडीची आणि मीटरभर लांब धरली तर एक साडेबावीस लिटर खाते. सहा खुर्च्या १३५ लिटर. उरलेल्या ७४ लिटरमध्ये तंबू, गाद्या, पातेली आणि पाणी बसवून दाखवावं. म्हणून दोन ज्येष्ठांसाठी सरळ खुर्च्या, दोघांसाठी पिशवीत मावणाऱ्या, पोरं सतरंजीवर, असा मेळ घालावा लागतो. किंवा मग टपावर कॅरिअर.

आता तंबू. त्याच्यावर लिहिलेली माणसं म्हणजे शेजारी शेजारी सरळ झोपवलेली माणसं, प्रत्येकाला साधारण साठ सेंटीमीटर. चार जणांच्या कुटुंबाने सहाचा घ्यावा, हा नियम सगळीकडे सांगतात तो बरोबरच आहे. कापडाच्या पाणी अडवण्याच्या ताकदीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. २००० मिलिमीटर म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब झिरपू न देता सोसणारं कापड. अवकाळी सरीला ते पुरतं, ताम्हिणीच्या जुलैला नाही, आणि मुलांना घेऊन जुलैत तिथे जाऊही नये. सकाळी तंबू आतून ओला दिसला की गळतो असं म्हणतात. बहुधा तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो, थंड कापडावर जमलेला. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या की कमी होतो. २००५ साली केचुआ या ब्रँडने दोन सेकंदांत उघडणारा तंबू आणला, तेव्हापासून हवेत फेकला की उभा राहणारे तंबू खूप झाले. उघडतात खरे दोन सेकंदांत; मिटवायला एक माणूस आणि एक व्हिडिओ लागतो, आणि मिटल्यावर होणारी चकती डिकीत आडवीतिडवी बसते.

तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू हवा, ही गोष्ट मात्र सुखाची नाही, जिवाची आहे. मण्यार रात्री बाहेर पडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि चावा इतका बारीक असतो की कळतही नाही. कोकणात लाल विंचू असतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध त्याच्या दंशावर कामी येतं हे दाखवून कितीतरी जीव वाचवले. तरी बूट झटकूनच घालावेत, चेन रात्री उघडी टाकू नये, आणि तंबूत खाऊ ठेवू नये. खाऊमागे उंदीर येतो, उंदरामागे साप.

दुपारी तंबू भट्टी होतो, म्हणून त्याच्याआधी सावलीचा विचार. झाडाची सावली कुठल्याही गझिबोपेक्षा चांगली; झाड नसेल तर ताडपत्री आणि चार दोऱ्या. चार खांबांचा गझिबो दिसतो छान, पण धरणावर दुपारनंतर वारा सुटतो आणि न बांधलेला गझिबो शेजाऱ्याच्या कॅम्पवर जाऊन बसतो.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर, इंडेनचा ‘छोटू’ किंवा हिंदुस्तान पेट्रोलियमचा ‘अप्पू’, कुटुंबाला सोयीचा पडतो. ब्यूटेनच्या डबीची चपटी शेगडी चहाला ठीक. तिच्यावर भाकरीचा मोठा तवा किंवा मोठं पातेलं ठेवू नये. कड डबीवर येते, डबी तापते, आणि तापलेल्या डबीचं काय होतं ते बघायला थांबू नये. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद तंबूत घेणं तर प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बर्फाच्या पेटीत चुऱ्यापेक्षा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या घालाव्यात, त्या जास्त टिकतात आणि वितळल्या की पिता येतात.

दिवा पिवळसर, मंद घ्यावा, पांढऱ्या झोताला किडे जास्त येतात. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला गेलात तर तोही मालवायचा.

शौचालयाबद्दल लिहिताना सगळे लाजतात, आणि बायका-म्हातारे कॅम्पला नाही म्हणतात ते निम्म्या वेळा याच एका कारणाने. औषधांच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड खुर्ची आणि भोवती एक उंच, अरुंद तंबू, एवढ्याने प्रश्न सुटतो. जागा तयार नसेल तर पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, आणि नंतर मातीने बुजवायचा. हा खर्च खाटेच्या खालोखाल करावा.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांच्या सामानाच्या याद्या इथे तशाच उतरवू नयेत. तिकडच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर बहुतेक ठिकाणी लाकडी टेबल, बाक आणि शेकोटीचं लोखंडी कडं जागेवरच असतं, म्हणून त्यांच्या यादीत टेबल नसतं. उलट योसेमिटीत अस्वलांमुळे खाणं लोखंडी पेटीत बंद करावं लागतं. आपल्याकडे टेबल न्यावं लागतं आणि अस्वलाऐवजी वांदर सांभाळावे लागतात.

परत आल्यावर तंबू गच्चीत दोन दिवस वाळवून मगच पिशवीत भरावा. दमट हवेत, विशेषतः कोकण-मुंबईत, ओला बंद केलेला तंबू काही पावसाळ्यांत आतून चिकट होतो आणि आंबूस वास मारतो. कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने सुटतो आणि मग काही करता येत नाही. भाड्याचा तंबू चांगला वाटतो तो इथेही. आणि समुद्रावरून आणलेल्या खुर्च्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, सांध्यांतली वाळू ब्रशने काढावी. नाहीतर रिव्हेट गंजतात आणि पुढच्या डिसेंबरात अर्धी उघडलेली खुर्ची ना बसायला येते, ना डिकीत मावते.